खरं

टॅबवरचे प्रश्न कन्नडात, उत्तरं मराठीत,
मधे मी,
घरामागे पंचवीस रुपयांवर.
बटणं दोनच: हौदु, इल्ला.

वडगावात, मागांच्या गल्लीत
मागच्या खेपेला प्रश्न ओरडून विचारावे लागले होते.
दारादारातून खटक्-खटक्,
मुलं किती विचारलं तर लोक माग किती ते सांगायचे.
आता पुटपुटलं तरी भिंतीपलीकडं जातं,
म्हणून उत्पन्नाचा आकडा
माणसं बोटांनी दाखवतात.

परशराम सोनटक्की. वय चोपन्न.
फ्रिज? हाय की.
खरं दूध रोज ताजंच आणतोय, जीवाला पटत नाही.
दुचाकी? दोन.
खरं एक थोरल्याची, बंगळूरला जाताना टाकून गेलाय,
रोज किक मारून ठेवतोय, गंजायला नको.
पाणी? चोवीस तास.
खरं सवय जाईना, पहाटे चारला उठून घागरी भरतोय.

ट्रेनिंगला पुण्याचे एक सर आले होते.
चहाच्या वेळी त्यांनी विचारलं,
तुमच्याकडचे लोक दर वाक्याला खरं-खरं का म्हणतात,
शपथेवर सांगतात का?
मी म्हटलं, नाही सर, आमच्यात 'पण'ला खरं म्हणतात.
त्यांनी वहीत टिपून घेतलं,
खाली दोन रेघा ओढल्या.
टॅबमध्ये मात्र त्याचं बटण आलं नाही.

प्रश्न चोवीस. वॉशिंग मशीन?
त्यासाठी परशराम मला आत नेतो.
खोली मोठी, मशीन एकटंच, पाणी घेत उभं.
खाली शहाबादी फरशीत चार बोल्ट,
कापूनही बोटभर उरलेले.
इथं माग होता. भंगारवाल्यानं किलोवर नेला.
धोटा तेवढा लाकडाचा,
तो त्यानंच परत दिला, वजनात धरला नाही म्हणून.
आता टीव्हीखाली असतो, रिमोटशेजारी.

बरं झालं गेला, कस्तुरी म्हणते.
पूड नाकात, पूड भातात.
सव्वीस वर्षं मी ह्या घरात मोठ्यानंच बोललो.
माहेरला गेलो की वहिनी विचारायची, भांडूलालीस काय.
आता हळू बोलायला शिकूलालोय.
खरं ह्यांना ऐकूच येत नाही.

धाकटा उद्यमबागेत जातो.
बाप सांगतो: भट्टीवर न्हवं, एसीत.
संगणकावर नटबोल्टांची चित्रं काढतो.
एकदा त्यानं बापाला पडद्यावर दाखवलं,
नट आपोआप फिरत बोल्टावर कसा बसतो,
तेल नाही, हात काळे नाहीत.
परशरामनं विचारलं,
आटा नीट धरला का नाही, ते हाताला कळतंय कसं?

प्रश्न एकतीस. शेवटचा.
कन्नडातून मराठीत आणताना
दर घरी तो थोडा वेगळा होतो:
गेल्या पाच वर्षांत तुमचं बरं झालं का?
परशराम बायकोकडं बघतो, मग दाराबाहेर,
सिमेंटच्या नव्या रस्त्यावर
कुणीतरी शेवया वाळत घातल्यात.
झालं की, म्हणतो. न व्हायला काय.
खरं...

तेवढ्यात आत मशीन पिळायला लागतं.
अख्खं धडधडत सरकतं,
उरलेल्या बोल्टाला जाऊन थडकतं,
आणि तो उठतो.
कानाला नाही, तळपायाला कळत असावं.
अर्धं वाक्य माझ्या हातात ठेवून आत जातो.

काय बघायला गेले?
कस्तुरी तोंडावर पदर धरून हसते.
धागा तुटलाय काय, ते. रोज जातंत.
लिही तू, हौदु लिही.
चहा टाकतो.

पडदा मंद होत आला होता.
मी बोट टेकवलं, हिरवी खूण आली.
पंचवीस रुपये.
चहात साखर जास्त होती.
पुढचं दार.